कोपऱ्यापर्यंत
फिल्टर कॉफीचा वास आला की मैलापूरची ती सकाळ आठवते. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून मी रात्री उशिरा परतायचे, तरी पहाटे साडेपाचला खालच्या मजल्यावरचे आजोबा फिरायला चल म्हणून हाक मारायचेच. पिढ्यान् पिढ्यांचे तंजावरचे मराठी. त्यांचा नियम एकच: बूट घालून कोपऱ्यापर्यंत यायचं, तिथंही नको वाटलं तर खुशाल परतायचं. मी कधीच परतले नव्हते. त्या दिवशी मात्र हवा दमट होती, अंग जड झालं होतं आणि परत फिरायचं हे मी बूट घालतानाच ठरवलं होतं. कोपऱ्यावर फुलवाली मोगरा ओवत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत आजोबाच म्हणाले, “आज पोदुम, पुरे. कॉफी पिऊ आपण.” मला इतका आनंद झाला, की त्यांनी भिंतीला हात का टेकलाय हे मी विचारलंच नाही. घराच्या पायरीवर बसून आम्ही कॉफी प्यायलो. पुढच्याच आठवड्यात मुलगा त्यांना कोइंबतूरला घेऊन गेला, आणि काही महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. अजूनही कंटाळा आला की मी बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाते. परत फिर म्हणणारं तिथं कुणी नसतं, म्हणून पुढे चालत राहते.