नोंद नसलेली खानावळ

महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. सरकारी पाहणीच्या कामावर माझी नेमणूक संग्रामपूरला झाली. घरोघरचे लहान धंदे नोंदवायचे होते. त्या नोंदींवरून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं, त्यावरून राज्याचं आणि मग देशाचं, असं आम्हाला शिकवलं होतं.

मी जेवायचो एका विधवा बाईंकडे. बाजारामागं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दोन शिक्षक, तलाठी आणि बाजाराला येणारे व्यापारी त्यांच्याकडे पैसे देऊन ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण खायचे. पाटी नाही, परवाना नाही.

त्यांच्या घराची पाळी आली तेव्हा मी चुलीजवळच बसलो. "मावशी, धंदा काय लिहू?"

भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. "माह्यं नाव काऊन लिहून राह्यले भाऊ? चार मानसाईले भाकर घालतो, त्याले का धंदा म्हनतात? लिहिलं की टॅक्सवाला येईन."

"तसं काही होत नाही."

"मंग लिहूच नका ना."

मी 'घरकाम' लिहून खाली सही केली. खोटं आहे हे कळत होतं, पण त्यांचं भलं केलं असंही वाटलं.

पुढे दुष्काळ पडला. बाजारात ज्वारी मिळेना. नोंद असलेल्या खानावळींना सरकारी धान्य मिळू लागलं, म्हणून आम्ही दोघं तालुक्याला गेलो. कारकुनाने यादी चाळली. "यांची खानावळ आहे, असा एखादा कागद?"

"मी स्वतः तिथं जेवतो," मी म्हणालो.

"ते खरं असेल. पण पाहणीत तर घरकाम लिहिलंय."

सही कुणाची, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

महिन्याभरात खानावळ बंद झाली. त्यानंतर बाई मला दिसल्या त्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर, खडी फोडताना. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं. मी शेजारी उकिडवा बसलो.

"मावशी, तो कागद माझ्याच हातचा होता."

"मले मालूम हाय. मीच तं सांगतलं होतं तुमाले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता जेवता कुठी?"

"स्टोव्हवर करतो काहीतरी."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा दगड ओढून घेतला. त्यांनी दोष दिला असता तर मला उठून जाणं सोपं गेलं असतं.