कोपरातलं छोटं डोकं

व्हर्ना सँडविकचा डावा हात कधी पूर्ण सरळ झालाच नाही. लहानपणी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, घरच्या शेतावर ती गवताच्या माळ्यावरून पडली, कोपर मोडलं आणि वाकडंच जुळलं.

पुढं डुलुथ शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात तिनं जन्मभर शरीररचना शिकवली. दंडाच्या हाडाला खाली, कोपरात, गोटीसारखं गोल टोक असतं. लॅटिनमध्ये त्याला कॅपिट्युलम म्हणतात, म्हणजे छोटंसं डोकं. तो धडा आला की व्हर्ना बाही सरकवून स्वतःचा हात पुढं करायची. पोरं आधी बिचकायची, मग हात लावून बघायची.

कर्करोगानं घेरल्यावर तिनं देह कॉलेजलाच द्यायचं ठरवलं. धाकटा भाऊ आर्ने हे ऐकून बिथरला. तो शेतावरच राहायचा, गाई सांभाळायचा. गावच्या चर्चमागं आईवडिलांशेजारी बहिणीची जागा त्यानं राखून ठेवली होती. त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं. पानगळ सुरू झाली तेव्हा मात्र बटाट्यांचं पोतं घेऊन तो आला आणि कोट न काढताच बसला.

"परक्या पोरांनी तुला कापायचं," तो म्हणाला, "आणि मी फुलं कुठं ठेवायची?"

व्हर्नानं वाद घातला नाही. त्याचं कोपर हातात घेऊन बाहेरच्या बाजूला अंगठा टेकवला आणि त्याला तळहात वर-खाली फिरवायला लावला.

"फिरतंय ना, ते खालच्या हाडाचं टोक. ते ज्याच्यावर फिरतं ते माझं मोडलं होतं. पुस्तकात ते नुसतं चित्र असतं रे. पोरांनी एकदा हातात धरून बघावं, एवढंच मला हवंय."

आर्ने बराच वेळ कोपर चोळत राहिला. मग त्यानं विचारलं, ते लोक काही परत देतात का? राख देतात, ती म्हणाली, पण वेळ लागतो.

"मग जागा राहू दे तशीच."

मार्चमध्ये व्हर्ना गेली. कॉलेजला फोन आर्नेनंच केला. राख आली ती पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. शेजाऱ्यानं खड्ड्यासाठी यंत्र देऊ केलं, आर्ने नको म्हणाला. चर्चमागं राखलेल्या जागी फावडं घेऊन त्यानं स्वतः खणलं आणि राख खाली ठेवली. माती सारखी केली, टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला आणि धारा काढायची वेळ झाली तसा घरी निघाला.