मुक्ताच्या नावाची हाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. सांगतेय, बस्स.

आम्ही पाच बहिणी, एकाच वेळी जन्मलेल्या. इंदूरला सुदामा नगरात आमचं घर म्हणजे तेव्हा प्रदर्शनच होतं. कुणाकडे पाहुणे आले की त्यांना आम्हाला बघायला घेऊन यायचे. नवरात्रात कन्याभोजनाला पाचही जणींना बोलावणं, एकसारखे फ्रॉक, गालगुच्चे, आणि वर — "पाँचों एक साथ? क्या बात है भिया!" आई दमून जायची. मला मात्र ते आवडायचं — लाज वाटावी इतकं आवडायचं.

पाचात मुक्ता आणि मी हुबेहूब सारख्या. आईसुद्धा फसायची. मुक्ताचा कान वाहायचा, सारखी "काय? काय?" करायची. आई कापूस घालायची आणि होईल बरा म्हणायची. घरात पाच पोरी, एकीच्या कानाकडे कोण किती बघणार? पण मी बघत होते ना! मी तिच्याच शेजारी झोपायचे. मागून हाक मारली तर तिला कळत नाही, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं.

दुसरीत असताना शाळेत कान तपासायला डॉक्टर आले. त्याच आठवड्यात टीव्हीवाले येणार होते, आम्हा पाच जणींचं गाणं घ्यायला. माझ्या डोक्यात एकच — मुक्ताच्या कानात काही निघालं तर तिला गाण्यातून काढतील. मग चौघींना कोण विचारतंय?

माझी तपासणी झाली. बाई दारातून एकेकीचं नाव पुकारत होत्या. मुक्ताचं आलं. ती बाकावर बसून रिबिनीशी खेळत होती — तिला ऐकूच गेलं नाही हो. आणि मी उठले. मुक्ता म्हणून पुन्हा आत गेले. आवाज आला की हात वर करायचा होता. मी दर वेळी केला. डॉक्टर म्हणाले, एकदम बढिया.

टीव्हीवर आम्ही पाचही जणी दिसलो. मुक्ता नुसते ओठ हलवत होती. बाबांनी मोहल्लाभर पेढे वाटले.

आई निर्धास्त झाली. पुढे मुक्ताचं बोलणंच अडखळायला लागलं, तेव्हा कुठे तिला पलासियाला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. फार उशीर केलात, ते म्हणाले. आई आजही कपाळावर हात मारून घेते — "शाळेत तर ठीक निघालं होतं गं, मीच गाफील राहिले." मी तिथेच असते. ऐकते. तोंड उघडत नाही. भित्री आहे मी, दुसरं काय?

लहान होतीस, म्हणाल. होते. पण नंतर मोठी झालेच की!

आता मुक्ता बाळंतपणाला माहेरी आलीये. मुलगी झाली. कानाला मशीन लावूनही तिला बाळाचं रडणं धड ऐकू येत नाही, म्हणून दुपारी मी जाऊन बसते. केस विंचरता विंचरता ती मध्येच थांबते आणि डोळ्यांनीच मला विचारते — रडतेय का? मी मान हलवते, नाही. की ती निवांत पुन्हा विंचरायला लागते. पाळण्याकडे वळूनही बघत नाही. मी सांगितलंय ना, एवढं तिला पुरतं.