पहिला घोट

माय गेल्याची बातमी आमच्याच गावच्या धोंडूनं आणली. आम्ही दोघं इथं खरगपूरला रेल्वेच्या कारखान्यात. तो रजेवरून परतला तो थेट माझ्या खोलीवर आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "किसन, माय गेली. साऱ्या गावानं नेली गा." माय गेली, हे मला लगेच खरं वाटलं. माय फार थकली होती, डोळेही गेल्यासारखेच होते. पण साऱ्या गावानं? आमच्या गावानं? "तार काऊन नाई केली मंग?" मी विचारलं. "मी निघूनच रायलो होतो. मनलं, तोंडानंच सांगू," असं म्हणून त्यानं नजर दुसरीकडे वळवली. निदान मला तसं वाटलं... माझी चौथीतच शाळा सुटली, वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिण्याइतकं शिक्षण माझ्यापाशी नाही. पण गावानं खरंच तिला नेलं का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावापलीकडे. माय तिथं लग्न होऊन आली तेव्हा गोंदियात आगगाडीचं नवल अजून ओसरलं नव्हतं, असं ती सांगायची. बाप मी रांगत असतानाच गेला. माय लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, जायची, आणि सकाळी घराबाहेर पडण्याआधी तिचं एक ठरलेलं काम असायचं. अंगणात उभी राहून, कपाळावर हात धरून ती साऱ्या गावाची छपरं बघायची. ज्या घरातून धूर निघाला नाही त्या घरात काहीतरी अडलं आहे... कोणी तापानं पडलं असेल, कोणी बाळंत झाली असेल, नाहीतर चुलीवर चढवायलाच काही नसेल. मग आमच्या चुलीवरची तांदळाची पेज पितळेच्या गंजात, त्या उभट भांड्यात, ओतून ती निघायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि गावभर छपरं धुराविना राहिली. माय घरोघर फिरत होती. लोकांना एवढंच दिसलं की ही बाई जाते त्या घरी माणूस मरतो. मरण आधी पोचलं होतं आणि माय नंतर, हे कोण बघणार? आमच्या समोरच्या घरातली सोनाकाकी तेव्हा नवी सून होती. तिचा नवरा गेला तेव्हा ती दारात येऊन ओरडली, "तुह्या पेजनं गेला माहा मानूस! चेटकीन!" आणि गंज तिनं दगडावर आपटला. त्याला पोचा पडला तो कायमचा. दुसऱ्या दिवशी माय तोच गंज घेऊन दुसऱ्या दारी गेली. आतले लोक दार उघडेनात. मायनं उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांच्या देखत पहिला घोट स्वतः घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाहून घ्या. आता घेता का?"

तेव्हापासून पहिला घोट तिचाच. दुसऱ्याच्या दारी आणि आमच्या घरीही. मी लहान होतो, मला वाटायचं मायला धीर नाही, पोराआधी आपणच पिते.

शाळेत पोरं माझ्यापासून आपापली बसायची पोती लांब सरकवू लागली. गुरुजींनीही मला पडवीत बसायला सांगितलं. मायच्या कानावर हे गेलं, आणि थोड्याच दिवसांत तिनं मामाबरोबर मला रेल्वेच्या कामावर पाठवून दिलं. स्टेशनवर मी रडून विचारलं, "मले कायले धाडून रायलीस?" ती म्हणाली, "तिथं तुले कोनी वळखत नाई." कित्येक वर्षं मला संशय होता की तिला माझं ओझं झालं होतं. आज दोन वेळा पोटभर जेवतो तो तिच्या त्या एका वाक्यावर.

पुढं रजेवर गेलो की बघायचो, लोक तिच्या हातची पेज घ्यायचे, अडल्या बाळंतिणीसाठी तिलाच बोलवायचे. मी मात्र त्यांचे चेहरे वाचत बसायचो. "आता मानतात का तुले?" मी विचारायचो. "मानू दे का नको मानू दे. धूर तं निघाला पायजे," ती म्हणायची.

धोंडूनं सांगितल्यावर गावी पोचलो. दार नुसतं लोटलेलं. आत जमीन ताजी सारवलेली... कोणी सारवली? का? कोनाड्यात गंज नव्हता. शेजारी विचारलं, मायला न्हाऊ कोणी घातलं? "सगळ्यांनी." खांदा कोणी दिला? "सगळ्यांनी." पढवून ठेवल्यासारखं एकच उत्तर. माझा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल न पेटवता तसाच बसून होतो. दारात सावली पडली. सोनाकाकी, पार वाकलेली, हातात पोचा पडलेला गंज. "असा काऊन पाहून रायला? चोरला नाई. वापरून रायली. तुह्या घरातून धूर नाई निघाला आज."

गंजातून वाफ येत होती. मी हात पुढं केला नाही. साऱ्या गावात हिच्याच हातची पेज...? काकीनं गंज तोंडाला लावून एक घोट घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि गंज माझ्यापुढं धरला.

"काकी," मी म्हणालो, "आता कोन मागते हा पहिला घोट?"

"कोनी नाई मागत."

"मंग?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधी गोष्ट कळत नाही. "पेज अशीच देतात ना, बाबू."

मी प्यालो. मीठ मायसारखंच कमी होतं. गंज रिकामा करून धुतला, आणि तिच्याच हातात परत दिला.