दोन वर्षे आधीचे सहस्रचंद्रदर्शन

श्रीकृष्ण लघाट्यांना चूक दिसली आणि त्यांनी ती दुरुस्त केली नाही, असे झाशीच्या मराठी मंडळींपैकी कोणालाही आठवत नव्हते. लग्नपत्रिका हाती आली की ते आधी तिथी आणि वार यांचा मेळ घालून पाहत आणि मगच वधूवरांची नावे वाचत. रेल्वेच्या कार्यालयात ते मुख्य लिपिक होते तेव्हा साहेबांची सही झालेले पत्रसुद्धा त्यांच्या टेबलावरून परत फिरत असे. "लघाटे बाबूजी के यहाँ से मक्खी भी बिना जाँच के नहीं निकलती," असे तिथले चपराशी म्हणत. हे वाक्य घरी सांगताना लघाटे त्याला स्तुती समजत.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच, दिसत असलेली चूक जाणूनबुजून पोटात घातली. ती चूक त्यांचे मित्र गोपाळराव यांची होती.

गोपाळराव खंडेराव गेटच्या आतल्या बाजूस, लघाट्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत. झाशीत उरलेल्या मराठी घरांचे लग्न, मुंज, श्राद्ध सगळे त्यांच्याच हातून होई. तरुणपणी ते काशीला राहून ज्योतिष आणि पंचांगाचे गणित शिकले होते, आणि हे कोणी विसरले तर ते आठवण करून देत. वयाने ते लघाट्यांहून पाच वर्षांनी मोठे. दोघे रोज सकाळी बरोबर फिरायला जात आणि रोज कशावरून तरी वाद घालीत परत येत.

त्या वर्षी कार्तिकात लघाट्यांना कावीळ झाली. मुलगा कौशिक त्यांना ग्वाल्हेरच्या एका इस्पितळात घेऊन गेला. तिथे पोटात एक बारीक नळी बसवली, आणि आठवड्याभरात डोळ्यांचा पिवळेपणा उतरला.

"पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता, बाबा," कौशिकने गाडीत सांगितले. "निकल गया. आता फक्त खाणंपिणं सांभाळायचं."

कौशिक सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. इंजिनिअर मुलगा नळीविषयी जे सांगतो त्यावर शंका घेण्याचे लघाट्यांना काही कारण दिसले नाही. अंगात पूर्वीची ताकद परत आली नाही, पण अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या माणसाने त्याची तक्रार काय करायची, असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

मार्गशीर्षात एके दिवशी गोपाळराव दुपारीच घरी आले. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचे सहस्रचंद्रदर्शन करतात, ते लघाट्यांचे येत्या माघात करावे, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. पत्नी प्रेमलाबाईंनी चहा ठेवता ठेवता लगेच होकार दिला. कौशिक तर जणू तयारच बसला होता.

"अहो, पण ते ऐंशी उलटल्यावर करतात," लघाटे म्हणाले. "मला अजून दोन वर्षांवर अवकाश आहे."

"तू वर्षं मोजतोस, मी चंद्र मोजतो," गोपाळराव म्हणाले. "अधिक महिने धरले की माघात हजार भरतात. कागद दे, दाखवतो."

त्यांनी मांडलेले गणित लघाट्यांनी उलट्या बाजूने वाचले. दर तीनेक वर्षांनी येणारा अधिक महिना गोपाळरावांनी एकदा एकूण बेरजेत धरला होता आणि शेवटी पुन्हा वेगळा मिळवला होता. त्यामुळे सव्वादोन वर्षे फुकटची वाढली होती. शाळकरी पोरालाही दिसावी अशी ही चूक होती.

लघाट्यांनी मान वर केली. समोर गोपाळरावांची सुपारी कातरणारी थरथरती बोटे होती. या माणसाची बुद्धी आता थकली, असे त्यांच्या मनात आले. बायकोमुलासमोर काशीच्या पंडिताला खोटे पाडायचे? लघाट्यांनी कागदाची घडी घातली. "ठीक आहे," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर माघात करू."

कार्यक्रम थाटात झाला. सदर बाजारातून आणलेली शाल, दिव्यांचे तबक, देविकेने म्हणजे सुनेने दोन दिवस खपून केलेला स्वयंपाक, सगळे यथासांग. पुण्याचा पुतण्या जयदीप, जो सख्ख्या बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली नाही म्हणून आला नव्हता, तो बायकोमुलांसह आला. लोक एकेक करून पाया पडले. लघाट्यांनी प्रत्येकाला 'आयुष्मान भव' म्हटले. बऱ्याच जणांचे डोळे भरून आलेले दिसले. होमाचा धूर फार झाला, एवढेच त्यांच्या मनात आले, आणि त्यांनी खिडकी उघडायला सांगितली.

त्यानंतरच्या आठवड्यात ते एकटेच गोपाळरावांकडे गेले. मित्राला एकांतात सावध करणे त्यांना आपले कर्तव्य वाटत होते.

"गोपाळराव, रागावणार नसाल तर एक सांगतो."

"तू न रागावता सांगशील का, ते आधी बोल."

"अधिक मास तुम्ही दोनदा धरलेत. माझ्याकडे चाललं, घरचाच कार्यक्रम होता. पण उद्या दुसऱ्या यजमानाकडे असं झालं तर लोक हसतील. यापुढे गणित केलंत की मला दाखवत जा. वयाप्रमाणे होतं माणसाचं."

गोपाळरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे मला अधिक मास मोजता येत नाही?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हणालास. अरे, काशीला माझं गणित बघायला दुसऱ्या पाठशाळेचे शास्त्री यायचे. आणि तू मला शिकवतोस? दोनदा धरल्याशिवाय हजार भरत नव्हते, म्हणून धरले."

"भरत नव्हते तर दोन वर्षं थांबायचं."

गोपाळरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ते तसेच मिटले. हातातला अडकित्ता त्यांनी पाटावर ठेवला. बाहेर गल्लीत भाजीवाला गाजरांचा भाव ओरडत गेला, तरी ते बोलले नाहीत. आयुष्यभर एका शब्दावरून दहा शब्द सुनावणारा माणूस गप्प बसला, त्यातच लघाट्यांना सगळे कळले.

"थांबायला वेळ नाही, असंच ना?" त्यांनी विचारले.

"कौशिक इथे, या पाटावर बसून रडला रे," गोपाळराव म्हणाले. "म्हणाला, बाबांचा सोहळा तेवढा होऊ दे. त्याला नाही कसं म्हणू?"

"प्रेमलाला ठाऊक आहे?"

"तिनेच माघातला दिवस निवडला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"खडा नाही, गाठ आहे. उन्हाळा दिसला तर दिसला."

लघाटे उठले. जोडे घालताना त्यांचा तोल गेला. गोपाळराव धरायला धावले, तेव्हा त्यांनी तो हात बाजूला सारला.

रस्त्याने जाताना मरणाची भीती वाटावी, अशी त्यांची स्वतःविषयीची अपेक्षा होती. वाटला तो संताप. ज्यांना आपण दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला, त्या प्रत्येकाला आपले आयुष्य किती उरले हे माहीत होते. जयदीपला माहीत होते. त्याच्या बायकोला माहीत होते. कदाचित जेवण वाढणाऱ्या शेजाऱ्यांनाही. आपल्याच तेराव्याला आपण शाल पांघरून, हार घालून, हसतमुखाने बसलो होतो. आणि ज्या चुकीवर पांघरूण घालून आपण मैत्री जपली असे समजत होतो, ती चूक नव्हतीच. दया आपण करीत नव्हतो, आपल्यावर केली जात होती.

घरी प्रेमलाबाई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहताच त्यांचा हात थांबला.

"गोपाळरावांनी सांगितलं ना?" त्या म्हणाल्या. "त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी कौशिकला तेव्हाच बजावलं होतं."

"म्हणजे चूक त्यांची. तुमची नाही."

"बसा आधी. धाप लागलीय."

"कार्तिकापासून तू माझ्याशी खोटं बोलतेस, प्रेमला."

"तुम्ही विचारलंत कधी? खडा होता म्हणून सांगितलं, तुम्ही बरं म्हणालात. मामंजींना काय झालंय ते तुम्ही तरी कुठे सांगितलं होतं त्यांना?"

"त्यांनी विचारलं नव्हतं."

"तेच म्हणतेय मी."

लघाटे समोरच्या वेताच्या मोड्यावर बसले.

"वीज खात्याशी माझा मीटरवरून पत्रव्यवहार चाललाय," ते म्हणाले. "रोज सकाळी मी तेच करत बसलो. तू चहा घेऊन यायचीस आणि मी मान वर करत नव्हतो. तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू मला ती पत्रं लिहू दिलीस."

"तुम्ही खुश होतात. भांडायला कोणीतरी मिळालं होतं."

"ती खुशी कशाच्या जोरावर होती? उद्या आहे, परवा आहे, या जोरावर. तू मात्र रोज माझ्याकडे शेवटचं म्हणून बघत होतीस. हो की नाही?"

हातातली शेंग प्रेमलाबाईंनी न सोलताच दाण्यांत टाकली.

"तू एकटीने बघून घेतलंस," लघाटे म्हणाले. "मलाही बघायचं होतं. तुला, कौशिकला, या गच्चीलासुद्धा. त्यात माझा वाटा होता, प्रेमला. तो न विचारता तुम्ही सगळ्यांनी आपसांत वाटून घेतलात."

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पण सांगायला तोंड उघडलं की तोंडातून दुसरंच यायचं. आज भाजी काय करू, असं."

प्रेमलाबाईंचा फोन वाजला. गोपाळरावांनी कौशिकला कळवले असणार. लघाट्यांनी हात पुढे करून फोन घेतला.

"कौशिक, खडा निघाला का पुरता?"

पलीकडचा कारखान्याचा घरघराट कमी होत गेला; कौशिक यंत्रांपासून दूर आला होता. मग तो म्हणाला, "बाबा, मैं... मी येतो घरी. आत्ता निघतो."

"आत्ता नको. ड्यूटी पुरी कर. संध्याकाळी ये आणि डॉक्टर जे बोलले ते जसंच्या तसं सांग. गाळायचं नाही, गोड करायचं नाही. मग जेवू."

"आप नाराज़ हैं?"

"आहे. आणि लवकर जाणार नाही तो राग. इलाइट चौकात गर्दी असते, स्कूटर हळू चालव."

लघाट्यांनी फोन ठेवला. शेजारच्या गच्चीवर कोणी गोधड्या उन्हात टाकल्या होत्या आणि त्यांवर एक मांजर अंग ताणून पडले होते. ते तिकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोच्या हातांकडे पाहिले. अंगठ्याच्या नखाने प्रेमलाबाई शेंगेची शीर एका झटक्यात काढीत आणि दाणे जणू आपणहून ताटात उतरत. पन्नासहून अधिक हिवाळे हे काम त्यांच्यासमोर चालले होते आणि त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. पाहिले नव्हते याचा राग आता कोणावर काढायचा, हे मात्र त्यांना ठरवता येईना. कार्तिकानंतरचे दिवस घरच्यांनी लपवले होते, त्याआधीचे तर कोणी लपवले नव्हते.

त्यांनी एक शेंग उचलली. ती मधोमध तुटली आणि दाणे फरशीवर सांडले.

"राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"शिकव."

"या वयात?"

"मग कधी?" ते तुटकपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून गोडवा नव्हता आणि तो आणण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

प्रेमलाबाईंनी शेंग धरायची कशी ते दाखवले. लघाटे कपाळाला आठ्या घालून, एखादा मसुदा तपासावा तसे, एकेक शेंग सोलू लागले. ऊन कठड्यावरून सरकत भिंतीवर चढले. खाली दारातून गोपाळरावांची हाक आली, "श्रीकृष्णा, आहेस का?"

"वर या म्हणू का?" प्रेमलाबाईंनी विचारले.

"आज नको. उद्या सकाळी फिरायला यायला सांग."

त्या कठड्यापाशी जाऊन निरोप देऊन आल्या.

"आता तुम्हीही उठा, थंडी लागेल," त्या म्हणाल्या.

"लागू दे," लघाटे म्हणाले, आणि टोपलीतल्या आणखी मूठभर शेंगा त्यांनी आपल्याकडे ओढून घेतल्या.