मध्यंतरानंतरचा सिनेमा

नव्वदच्या दशकात मी जेवढे चित्रपट पाहिले, ते सगळे मध्यंतरापासून पुढे पाहिले. नायक पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात म्हणे. मी त्या कधी ऐकल्या नाहीत. मी पोचेपर्यंत तो येऊन, प्रेमात पडून, बापाशी भांडून घराबाहेर पडलेला असायचा.

कारण साधं होतं. सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली होती आणि त्यांच्याजवळ कायम कुणीतरी लागायचं. घरात बायका दोनच, मी आणि माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. नवरे दोघेही उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर. माझी शाळा सकाळची. दुपारी घरीच शिकवणीची मुलं यायची, साडेचारपर्यंत मला जागचं हलता यायचं नाही. अक्काला साडेचारनंतर बाहेर राहता यायचं नाही, कारण चहा, भाकरी, आलं-गेलं सगळं तिच्याकडं. थिएटर मात्र आमच्या गल्लीच्या मागच्या रस्त्यावरच. तेव्हा तीनच्या खेळाचं एकच तिकीट काढायचो. मध्यंतरापर्यंत अक्का बघायची, घरी येऊन तिकिटाचा फाटका तुकडा माझ्या हातावर ठेवायची, आणि मी चपला अडकवून निघायचे.

दारावरचा माणूस इचलकरंजीत माग चालवून आलेला. त्यानं आम्हाला कधी अडवलं नाही. मी दिसले की पडदा बाजूला करून ओरडायचा, "आली दुसरी पाळी! माग चालूच हाय बाई, जावा आत."

संध्याकाळी सासूबाईंना कुशीवर वळवताना, पाठीला पावडर लावताना आम्ही आपापला भाग सांगायचो. आधी अक्का, मग मी. सासूबाईंना बोलता येत नसे, पण कान शाबूत होते. आम्ही मध्येच थांबलो की डाव्या हातानं कॉटच्या दांडीवर वाटी आपटायच्या. आमच्या घरात पूर्ण चित्रपट फक्त त्यांनाच मिळायचा.

अर्धे चित्रपट पाहूनही माझी मतं पूर्ण तयार झाली. अक्काचा लाडका दिग्दर्शक मारामारीवाला. तो सगळा दारूगोळा मध्यंतराआधीच उडवायचा. माझ्या वाट्याला कोर्ट, इस्पितळ आणि शेवटची माफी. दुसरा एक मोठमोठ्या कुटुंबांचे चित्रपट काढायचा. त्यात कोण कुणाची नणंद हे कळेपर्यंत खेळ संपायचा. यावरून मी एक कसोटी ठरवली. ज्याच्या चित्रपटात मधूनच शिरलं तरी माणसं कळतात, तो दिग्दर्शक चांगला. आजही ती बदलावी असं मला वाटलेलं नाही.

या कसोटीला उतरणारा एकच होता. त्याचे चित्रपट आमच्याकडे आठवडाही काढायचे नाहीत. अंधारात चाचपडत खुर्ची गाठेपर्यंत मला समजलेलं असायचं की ही बाई या माणसावर रागावली आहे आणि हा राग आजचा नाही. कुणी तोंडानं सांगायचं नाही. ती त्याला जेवायला वाढायची, सगळं वाढायची, फक्त लोणचं वाढायची नाही. माणसं निघून गेली तरी तो रिकामी खोली थोडा वेळ दाखवत राहायचा. मागून कुणीतरी ओरडायचं, "आरं गेली की सगळी, बंद कर!" मला ते कधी लांबलेलं वाटलं नाही. सगळे गेल्यावर खोली कशी दिसते हे ती आवरणारीला माहीत असतं.

त्याचे चार-पाच चित्रपट मी असे पाहिले, आणि मला एकच गोष्ट हवी होती. हा माणूस सुरुवात कशी करतो ते बघायचं होतं. शेवट इतका कमी बोलून करणारा पहिल्या पाच मिनिटांत काय दाखवत असेल? अक्काला विचारून उपयोग नव्हता.

"सुरवातीला काय न्हाय," ती म्हणायची. "एक बाई कापडं वाळत घालत्या."

"मग?"

"मग काय? वाळत्यात की."

त्याचा नवा चित्रपट लागला तेव्हा मी ठरवलं, हा अख्खा बघायचा. शिकवणीला सुट्टी दिली. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, म्हणून जरा कचरत होते. अक्कानंच मला पाठवलं. "जा की! एक दिवस शिकली न्हाईत तर काय कलेक्टर व्हायची थांबत्यात व्हय? आत्याबाईंचं मी बघतो." सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची.

दारावरचा माणूस मला तीनलाच बघून चकित झाला. "आज डबल पाळी?"

"डबल," मी म्हटलं.

हॉलमध्ये मोजकी माणसं होती. पंखे चालू होते. पुढचे तीन तास मला कुणीही हाक मारणार नव्हतं. सासूबाईंच्या उशाशी बरीचशी रात्र गेली होती, आणि उजाडायच्या आत मी शाळेच्या तयारीला उठले होते. जाहिराती संपल्या, सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसलं. इथपर्यंत मला नीट आठवतं.

त्यानंतर दारावरचा माणूस खुर्चीच्या पाठीवर टकटक करत होता. "बाई, चहा घेणार का? मध्यंतर झालं."

मी चहा घेतला. मग दुसरा भाग पाहिला, नेहमीप्रमाणे. चांगलाच होता. एक म्हातारा आपल्या सुनेला घर सोडून जायला सांगतो, आणि ती जाते. एवढीच गोष्ट. म्हातारा तिला प्रेमानं सांगतो आहे की कंटाळून, हे सुरुवातीला कळलं असणार. मला कळलं नाही.

घरी आले तर अक्का दारातच. "काय हुतं सुरवातीला?"

"झोपले."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसत सुटली. "अगं, झोपायलाच जायाचं हुतं तर तिकीट कशाला? हितं चटई हाय की."

मला हसू येत नव्हतं. रडूही येत नव्हतं. पाय दुखत होते. आतून वाटी आपटल्याचा आवाज आला. सासूबाईंना पहिला भाग हवा होता.

"तुमच्या धाकट्या सुनेला इचारा," अक्का आत बघून ओरडली. "सपनात काय दिसलं ते सांगंल."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, त्या चित्रपटाचा शेवटचा दिवस. शिकवणीला पुन्हा सुट्टी देणं शक्य नव्हतं. मी काही म्हणायच्या आत अक्कानं लुगडं बदललं. "मी जातो. बघून सांगतो." तिला तो दिग्दर्शक सोसत नव्हता हे मला माहीत होतं.

साडेचारला ती परत आली. धुतलेली चादर बादलीत होती, ती तिनं उचलली आणि कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली.

"ऐका. अंगणात तार हाय. सून निळं लुगडं वाळत घालत्या. घालायच्या आदी असं झटकत्या." तिनं चादर झटकली. सासूबाईंच्या तोंडावर पाणी उडालं, त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "म्हातारा बाजूला बसलाय. पानी उडतंय त्याच्या चष्म्यावर. पर त्यो चष्मा पुसत न्हाय. तसाच बघत बसतोय तिच्याकडं. तवा कळतंय, हिला घरातनं लावून देनार ह्यो. आनि राग न्हाय त्याच्यात."

वाटी वाजली नाही. मला शेवट नीट लागला. इतक्या वर्षांत या दिग्दर्शकाची सुरुवात अक्कानं पहिल्यांदाच नीट सांगितली होती.

पुढं सासूबाई गेल्या. दिरांनी गडमुडशिंगीला घर बांधलं आणि अक्का तिकडं गेली. मागच्या रस्त्यावरचं थिएटर बंद पडलं. व्हीसीडी आल्या तेव्हा भाड्यानं देणाऱ्या दुकानात मला तो चित्रपट अवचित सापडला. दोन डिस्क, मध्यंतरापर्यंत एक आणि पुढची दुसरी. घरात कुणी नसताना पहिली लावली, आणि यावेळी झोपले नाही.

अंगण होतं, तार होती, लुगडं निळंच होतं. सुनेनं ते पिळलं आणि तारेवर टाकलं. झटकलं नाही. म्हाताऱ्याला चष्माच नव्हता. तो वाटाण्याच्या शेंगा सोलत होता, आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पुन्हा मागं नेऊन पाहिलं, तरी तेच.

मी अक्काला फोन लावला. "ते पाणी कुठून आणलंस गं? चष्मा कुठला?"

मागं कुकरची शिट्टी झाली.

"एवढी सुट्टी काढून झोपलीस," ती म्हणाली. "शेंगा सोलत हुता म्हणून सांगितलं असतं, तर चाललं असतं व्हय तुला?"

चाललं नसतं. ज्या दिग्दर्शकाला मी इतकी वर्षं मानलं, त्याला ते पाणी सुचायला हवं होतं, आणि हे मी अक्काला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि भात उतरवायला गेली.

दुसरी डिस्क मी लावली नाही. ती पाहिलेली होती, आणि सकाळी शाळा होती.