तेल लावलेल्या डिस्क आणि भीमाशंकरचा घाट

भीमाशंकरला जायचं मी ठरवलं आणि पप्पांनी लगेच अट घातली, घाट लागला की स्टेअरिंग त्यांच्याकडे. गाडी माझी, आयुष्यातली पहिली. पण मी चालवायला बसले की शेजारी पप्पांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो. घाट आपणच चालवायचा, असं मीही मनाशी पक्कं केलं होतं.

शनिवारी सकाळी पिंपळे गुरवहून निघालो. गल्लीतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत राहिली. हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली. समोरच्या गॅरेजच्या दत्ताभाऊंनी पुढची चाकं काढली, ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"ताई, डिस्कला तेल कुनी लावलं?"

पप्पा दुसरीकडे बघायला लागले. मग त्यांनी कबूल केलं. गाडी धुतल्यावर डिस्कवर तांबूस गंज दिसला, म्हणून आदल्या संध्याकाळी चाकाच्या फटींतून त्यांनी तेल फवारलं होतं. चाकणच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी डिस्कच्या पॅकिंगला गेली. डिस्क तपासायची, तेलाचा हात मारायचा, खोक्यात भरायची. गाडीत बसवताना ते तेल धुऊन काढतात, हे तिथे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"गंज चार ब्रेकांत जातो, काका. तेलानं मानूस जातो," दत्ताभाऊ म्हणाले आणि पहिले पप्पाच हसले.

डिस्क धुतल्या, जाडी मोजली, ती ठीक निघाली. तेल प्यायलेले ब्रेक पॅड मात्र बदलावे लागले. तोवर आम्ही झणझणीत मिसळ हाणली.

तुम्ही जाणार असाल तर चाकण चौक भल्या सकाळी पार करा. आम्ही उशिरामुळे ट्रकांच्या रांगेत अडकलो. पप्पा मात्र खुशीत, आपल्या कंपनीचं गेट दाखवत होते. राजगुरुनगरहून वाडा गावाचा रस्ता धरला, एका टपरीवर पिठलं-भाकरी खाल्ली. घाटाच्या तोंडाशी मी ठरल्याप्रमाणे गाडी थांबवली आणि मुकाट्याने उतरायला लागले.

"बस, माय. तूच चालव," पप्पा म्हणाले. "डिस्कला तेल लावणाऱ्यानं घाट चालवायचा नसतो."

मला इतका आनंद झाला की पहिला गिअर दोनदा चुकला. वर चढताना त्यांचा पाय चालूच होता. धुकं, दर्शनाची रांग, गरम भजी, सगळं मनासारखं झालं.

आता घरी बसून लिहिताना देवळापेक्षा परतीचा उतार जास्त आठवतो. अख्खा घाट मी हलक्या ब्रेकवर उतरवला, एकटीनेच, कारण पप्पा पहिल्याच वळणाला झोपले होते. सोसायटीच्या गेटपाशी गाडी थांबली तेव्हा ते दचकून जागे झाले.

"घाट आला का, माय?"